मेंढा धरून

बघायच्या जागांची यादी होती माझ्याकडे.
गोरे बेटाची दहाची बोट,
आल्मादीचं टोक, जिथे आफ्रिकेची जमीन संपते,
टेकडीवरचा तो अवाढव्य ब्राँझचा पुतळा.
बोट चुकली,
कारण टॅक्सीवाला भाड्याचं बोलेचना.
मी बरी का, घरचे बरे का,
झोप लागली का, उकाडा सोसतो का,
आणि हे सगळं झाल्यावर
दुप्पट भाडं.

म्हणून योफ.
डाकारच्या उत्तर अंगाची लेबू कोळ्यांची वस्ती.
रेतीवर होड्या, लांबच लांब,
पिवळ्या, निळ्या, नाकावर डोळे रंगवलेल्या,
आणि समुद्रात
मेंढे.

खरंच, मेंढे. गुडघाभर पाण्यात,
पांढरेशुभ्र, वासराएवढे उंच,
पोरं त्यांना साबण चोळतायत,
जसे आपल्याकडे पोळ्याला बैल धुतात.
परवा तबास्की.
पोळ्याच्या बैलाला दुसऱ्या दिवशी औत असतं.
यांना दुसरा दिवस नव्हता.

"धरा," एक पोरगा म्हणाला,
दोर माझ्या हातात दिला
आणि साबण आणायला गेला तो अर्ध्या तासानं आला.
मी आणि मेंढा.
बुटांत पाणी. लाट आली की तो माझ्याकडे बघायचा,
जणू समुद्र मीच पाठवतेय.

येणारेजाणारे विचारत होते, नंगा देफ?
कशी आहेस?
आंबेवालीनं उत्तर शिकवलं: मांगी फी रेक.
मी इथेच आहे, फक्त.
दहा जणांना सांगितलं, वीस जणांना सांगितलं.
परक्या भाषेतलं पहिलंच वाक्य
आणि इतकं खरं.
दोर सोडून जाणार कुठे?

पोरगा मासाम्बा. मेंढ्याचं नाव मिनिस्त्र, म्हणजे मंत्री.
त्यानं मंत्र्याच्या कानामागचा साबण बोटानं काढला,
डोळ्यांवर तळहात धरून डोकं धुतलं,
मग खिशातला स्वतःचा कंगवा.
मी काही विचारलं नव्हतं.
"आई म्हणते नाव ठेवू नकोस," तो म्हणाला.
"मी ठेवतो. दरवर्षी."

होड्या लागल्या. एकच कल्ला.
मासाम्बाची मावशी, याराम म्बेंग,
डोक्यावर म्हावऱ्याची परात घेऊन आली,
मला दर समजावत बसली:
इथे शंभर म्हणजे पाचशे फ्रँक,
पाच फ्रँकांचं एक नाणं धरायचं आणि मोजायचं.
मी तीनदा चुकले.
चौथ्यांदा तिनं मासा फुकट दिला, कंटाळून.

मग चहा. कोळशावर, बोटभर किटलीत,
या ग्लासातून त्या ग्लासात उंचावरून,
फेस धरेपर्यंत.
पहिला कडू. अगदी काढा.
मी उठायला लागले तर सगळे हसले,
तिसऱ्याच्या आधी कोण उठतं?
दुसऱ्याला सूर्य होड्यांच्या मागे गेला.
तिसऱ्यात साखरच साखर, आणि अंधार,
आणि किनाऱ्यावर जोर काढणारी पोरं
नुसत्या श्वासांनी ओळखू येत होती.

निघताना यारामनं डावा हात पुढे केला.
मी दचकले.
आमच्याकडे डाव्या हातानं प्रसादसुद्धा घेत नाहीत.
"आमच्याकडेही नाही," ती म्हणाली.
"पण लांब जाणाऱ्याला डावाच द्यायचा.
चूक करून ठेवायची.
ती दुरुस्त करायला माणसाला यावं लागतं."

"येते," मी म्हटलं, मराठीतच.
म्हणजे काय, तिनं विचारलं.
म्हणजे
जाते.
ती इतकी हसली की परात कलंडली,
दोन बांगडे रेतीत पडले,
ते उचलून, पुसून, परत मोजले तिनं.

मासाम्बाचा डावा हात
दोरात गुंडाळलेला होता,
मंत्री घराकडे ओढत होता.
त्यानं उजवा दिला.